या एकदा घरी

शितोळे सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, समोरचा जाडजूड प्रबंध मिटला आणि म्हणाले, “तुमचं पाचवं प्रकरण मला पटलेलं नाही.”

आता असं कुणी चारचौघांत तोंडावर बोलतं का? भोरात तरी बोलत नाहीत. इथं न पटलेल्या गोष्टीला ‘बघू’ म्हणतात, ‘छान आहे, थोडा विचार करू’ म्हणतात, अगदीच अंगाशी आलं तर चहा मागवतात. पण शितोळे सर कितीतरी वर्षं अमेरिकेत शिकवून आलेले. रत्नाच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला विद्यापीठानं बाहेरचे परीक्षक म्हणून त्यांना धाडलं होतं, आणि हा माणूस कुणाची भीडभाड ठेवायला आलेला नव्हता. माईकपाशी उभ्या असलेल्या रत्नाच्या तोंडचं पाणी पळालं.

पीएच.डी.ची खुली तोंडी परीक्षा म्हणजे आपल्याकडं निम्मं लग्नच. शाल, श्रीफळ, गुच्छ, दारात फ्लेक्स, वर जेवण. निकाल लागल्यातच जमा, असं धरून माणसं नटूनथटून येतात. किकवीहूनही एक टेम्पो भरून माणसं आली होती. कॉलेजच्या सभागृहातल्या मागच्या रांगा सगळ्या त्यांच्याच. मधोमध रत्नाची आई साळूबाई, नवीन लुगड्यात. शेजारी वडील ज्ञानू, इस्त्रीच्या सदऱ्यात अवघडून बसलेले. कडेला नवरा धम्मदीप मोबाईलवर शूटिंग घेत होता. सगळं इंग्रजीत चाललेलं, त्यामुळं कुणाला काडीचं कळत नव्हतं. पण सरांचा सूर बदललेला सगळ्यांना कळला. धम्मदीपनं मोबाईल खाली घेतला.

रत्नाला तर पुढचं सगळं डोळ्यासमोर दिसलं. ‘दुरुस्त करून पुन्हा सादर करा’ असा शेरा पडला की वर्ष गेलं. आणि कॉलेजातली इंग्रजीची कायमची जागा पुढच्याच महिन्यात भरायची होती. डॉक्टरेट हातात असली तरच तिचा अर्ज आत घेणार होते. तासावर शिकवता शिकवता तिच्या हाताखालची पोरं कुठल्या कुठं गेली, आणि ही आपली दर उन्हाळ्यात ‘पुढच्या वर्षी बघू’ ऐकत तिथंच. ही जागा गेली की परत निघेल तेव्हा रत्नाचे केस पांढरे झालेले असणार. सगळं त्या पाचव्या प्रकरणावर येऊन अडलं होतं.

तिचा विषय तसा साधाच. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कादंबऱ्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. अमेरिकेतली मोकळीढाकळी माणसं युरोपात जातात, तिथल्या जुन्या घरंदाज दिवाणखान्यांत शिरतात. तिथं सगळं गोड. कुणी ‘नाही’ म्हणत नाही, कुणी ‘जा’ म्हणत नाही. अमेरिकेची पोरगी मात्र मनात येईल ते बोलते. ‘या कधीतरी’ म्हटलं की खरंच जाऊन उभी राहते, आणि मग तिची शोभा होते. जाणकार म्हणतात, बिचारी भोळी, तिला तिथल्या रीतीभाती कळल्याच नाहीत. रत्नानं पाचव्या प्रकरणात नेमकं याच्या उलट लिहिलं होतं. पोरगी भोळी नाही, तिला सगळं कळतंय. दार मनातून बंद आहे हे ओळखूनच ती ते वाजवते. शब्द तुम्ही दिलाय ना, मग एक तर दार उघडा, नाहीतर ‘येऊ नको’ असं तोंडानं म्हणा.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं त्याला कारण होतं. ज्ञानूचं हायवेला पंक्चरचं दुकान. साळूबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी. सगळी आळी तिच्या हातचं खाऊन वाढलेली. अकरावीला रत्ना एसटीनं भोरला यायला लागली, तेव्हा तिला बोलायचं येत होतं पण बोलण्यातलं न बोललेलं कळत नव्हतं. कुणाच्या घरी कुठवर आत जायचं, चहा कितपत संपवायचा, ‘बस की अजून’ म्हटलं की बसायचं का उठायचं, सगळ्याची पंचाईत. कॉलेजच्या लायब्ररीत तिला तसल्याच एका परदेशी पोरीची गोष्ट सापडली. उभ्यानं पंधराएक पानं वाचली, आणि मग भिंतीला टेकून खालीच बसली. तिथून जी त्या गोष्टींच्या नादी लागली ती लागलीच.

मार्गदर्शक मिळाल्या सुलक्षणा मॅडम. त्या आता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या, फिकट साडी, हातात टोपण लावलेलं पेन. बाईंच्या रीतीला नाव ठेवायला जागा नव्हती. रत्नाला कायम अहो-जाहो. तिचं इंग्रजी त्यांनी वाक्यावाक्यानं घडवलं, स्वतःच्या कपाटातली पुस्तकं दिली, आवाज म्हणून कधी चढवला नाही. आणि दर भेटीच्या शेवटी, पदर सारखा करत, हसून म्हणायच्या, “या एकदा घरी.” भेटायचं मात्र कॉलेजातच. स्नेहल त्यांच्याच हाताखाली काम करायची, ती घरी जायची, स्वयंपाकघरात बसून पोहे खायची. रत्नाला पत्ता कधी सांगितला गेला नव्हता. ती किकवीची, बुद्धवाड्यातली. याच्यापुढं सांगायला काय पाहिजे?

आजच्या जेवणाचंही तसंच झालं. साळूबाईनं हट्ट धरला होता की जेवण मीच करणार, शंभर माणसाचं करते म्या रोज. मॅडम म्हणाल्या, “आईंना कशाला त्रास? त्यांनी आज मानानं बसायचं.” आणि नसरापूरचा केटरर सांगून मोकळ्या झाल्या. साळूबाईला काही वाईट वाटलं नाही. उलट टेम्पोत बसल्या बसल्या तिनं बायकांना परत तेच सांगितलं, “बाईंनी माज्या हातची खीर दोनदा मागून घेतली व्हती. इचारा रत्नाला.” रत्ना खिडकीबाहेर बघत बसली होती.

“बोला,” शितोळे सर म्हणाले. “तिला कळत होतं हे कशावरून? लेखक तसं कुठं म्हणत नाही. तुम्ही तिच्या मनात जाऊन आलात का?”

रत्नानं उतारे दिले. एका नायिकेचं बोलता बोलता थांबणं, एकीचं दारातच हसणं, एकीनं परत फिरताना मागं न बघणं. उतारे बरोबर होते. सरांनी मान हलवली, पण ती नकाराची.

“हा तुमचा अर्थ झाला. पुरावा नव्हे. अहो, जाणूनबुजून अपमान करून घ्यायला कोण जातं? एक उदाहरण द्या, कादंबरीतलं नाहीतर खऱ्या आयुष्यातलं, जिथं पाहुणीला ठाऊक आहे आणि तरी ती जाते. एकच. ते नसेल तर प्रकरण काढा आणि परत सादर करा. मी उगाच गोड बोलत नाही.” मग त्यांची नजर मागच्या रांगांकडं गेली आणि चेहरा जरा सैल पडला. “आणि मराठीत सांगा. तुमची माणसं सकाळपासून ताटकळलीत, त्यांनाही कळू दे की पोरगी काय लिहितेय.”

माणूस भल्या मनानं बोलला हो. पण रत्नाची पंचाईत झाली. उदाहरण होतं. एकच होतं, आणि ते तिला सोडून कुणाला माहीत नव्हतं. इंग्रजीत सांगितलं असतं तर मागच्या रांगांपर्यंत पोचलं नसतं. आता इकडं आड तिकडं विहीर. गप्प बसावं तर प्रकरण गेलं, वर्ष गेलं, जागा गेली. बोलावं तर ज्यांची सही निकालावर लागते त्या मॅडम समोर, आणि मागं आई.

तिनं माईकचा दांडा धरला.

“एक बाई होती,” ती म्हणाली. “शिकणारी. ज्यांच्याकडं ती शिकत होती त्या मोठ्या घरच्या. भेटल्या की म्हणायच्या, या एकदा घरी. हिला पहिल्याच वर्षी कळलं की हे म्हणायचं म्हणून म्हणतात.”

मागच्या रांगांत चुळबुळ थांबली. कळणारं काहीतरी कानावर आलं होतं.

“बुद्धपौर्णिमेला हिच्या आईनं खीर केली. चारोळी घालून, दूध आटवून. म्हणाली, त्यांच्याकडनं नुसतं घेत असतीस, कधी काही देत जा की. हिला नाही म्हणता आलं असतं. वाटेत कुठं तरी डबा रिकामा करता आला असता. हिनं पत्ता शोधला आणि गेली.”

“का?” शितोळे सरांनी विचारलं.

“त्यांनी या म्हटलं होतं, सर. एकदा तरी बघायचं होतं, त्या शब्दाला काही किंमत आहे का.” तिनं माईक जरा जवळ ओढला. “बाईंनी दार उघडलं. अय्या, तुम्ही, किती छान, म्हणाल्या. ओसरीवर खुर्ची दिली. चहा दिला, तो कागदी कपात. गोड चौकशी केली. आईंनी केली का खीर, वा, म्हणाल्या. डबा आत गेला, आणि चहा संपायच्या आत धुऊन पुसून परत आला, त्यात साखर घालून. रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात ना. काही म्हणजे काही चुकलं नाही त्यांचं.”

ती थांबली. इथं थांबली असती तरी चाललं असतं, असं तिला पुढं कितीदा तरी वाटलं.

“ती चपला घालत होती. घराच्या कडेनं मागचं अंगण दिसत होतं. कामाची मावशी खीर कुत्र्याच्या ताटलीत ओतत होती.”

रत्ना मागं बघायचं टाळत होती, आणि मॅडमकडंही. ती शितोळे सरांच्या मिटलेल्या चष्म्याकडं बघत उभी राहिली.

“घरी जाऊन हिनं आईला सांगितलं, बाईंनी दोनदा घेतली. सर, ती भोळी नव्हती. तिला जातानाच ठाऊक होतं. एवढंच मला पाचव्या प्रकरणात म्हणायचंय.”

सुलक्षणा मॅडम हलल्या. हसल्यासुद्धा, नेहमीसारख्या, आणि शांत आवाजात म्हणाल्या, “फार बोलकं उदाहरण आहे. कुठल्या कादंबरीतलं हे, रत्नाताई? संदर्भ द्यायला हवा.”

बघा, केवढी सोय करून दिली बाईंनी. एखाद्या विसरलेल्या कादंबरीचं नाव घ्यायचं, पुढं जायचं, सगळ्यांची अब्रू झाकलेली राहील, आणि निकालावर दोन्ही सह्या पडतील. मायेनं दिली का धाक म्हणून दिली, रत्नाला त्या क्षणी ओळखता आलं नाही. एवढी वर्षं तिनं दुसरं काय अभ्यासलं होतं? तरी ओळखता आलं नाही, आणि त्याचा तिला विलक्षण राग आला.

“कादंबरीतलं न्हाई, मॅडम,” ती म्हणाली. भोरच्या व्यासपीठावर तिच्या तोंडून किकवीची बोली निघाली आणि तिनं ती दुरुस्त केली नाही. “हितलंच हाय. भोरातलं.”

कुणीतरी खोकलं. प्राचार्य घड्याळ बघायला लागले. शितोळे सर रत्नाकडून मॅडमकडं आणि परत रत्नाकडं बघत होते. काहीतरी पेटलंय एवढं त्यांना कळलं, पण धूर कुठून येतोय ते कळेना. त्यांनी विचारलं, “पण हे खरं घडलं, याला आधार काय? परत तुमचाच शब्द झाला.”

संपलं, असं तिला वाटलं. आईचं मन मोडलं, मॅडम दुखावल्या, आणि हाती धुपाटणं. तिनं कागद गोळा करायला घेतले.

“आधार आहे,” सुलक्षणा मॅडम म्हणाल्या.

पेन त्यांनी टेबलावर ठेवलं होतं. हसणं कुठं नव्हतं आता. “मी त्या घरातल्या बाईंना ओळखते. उमेदवार सांगतायत ते जसंच्या तसं घडलेलं आहे. फक्त पाहुणीला ते दिसलं, हे त्या बाईंना आजपर्यंत माहीत नव्हतं.” श्वास घेऊन त्या पुढं म्हणाल्या, “प्रकरण राहावं, असं माझं मत आहे.”

परीक्षक मंडळी शेजारच्या खोलीत गेली. दार लागलं. रत्ना व्यासपीठावरच खुर्चीत बसून राहिली. खाली उतरून आईशेजारी जाऊन बसायचं तिचं धाडस होईना. एकदाच तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. टेम्पोतल्या बायका साळूबाईकडं बघायचं टाळत होत्या. सगळ्या किकवीला सांगून झालेली गोष्ट सगळ्या किकवीदेखत खोटी पडली होती, आणि ती पाडली होती पोटच्या पोरीनं. साळूबाई सरळ समोर बघत होती. ज्ञानूनं बायकोपुढं पाण्याची बाटली धरली होती आणि ती घेत नव्हती. रत्नाला रडू फुटायला आलं होतं. डिग्री गेली खड्ड्यात, असं अगदी मनापासून वाटलं तिला, त्या बंद दाराकडं बघताना.

दार उघडलं. शितोळे सर माईकपाशी आले आणि त्यांच्या पद्धतीनं एका वाक्यात उरकलं, “पदवीची शिफारस करतो आहोत, दुरुस्ती काही नाही.” टाळ्या वाजल्या. पुढच्या जोरात, मागच्या जरा उशिरानं. शाल आली, श्रीफळ आलं. मॅडमनी शाल स्वतःच्या हातानं रत्नाच्या खांद्यावर घातली. त्यांची बोटं गार होती.

तोवर साळूबाई उठली होती. रांगांच्या मधून चालत पुढं आली, पायरी चढून वर आली. आई तोंडाची फटकळ. शाळेत एकदा तिनं धान्य कमी आलं म्हणून साहेबाला दारात उभं करून झापलं होतं. पण साळूबाईनं पोरीकडं बघितलंच नाही. मॅडमपुढं उभी राहिली आणि हात जोडले.

मॅडमनीही जोडले. “अभिनंदन हं आई. फार गुणी मुलगी आहे तुमची.” आणि मग, जन्माची सवय ती, जीभ कुणाचं ऐकते थोडीच, पदर सारखा करता करता त्या बोलून गेल्या, “या एकदा घरी. हिला घेऊन या.”

बोलल्या आणि स्वतःच थबकल्या. पदरावरचा हात तसाच राहिला.

“येते की,” साळूबाई म्हणाली. “कवा येऊ?”

“या की. केव्हाही.”

“केव्हाही म्हंजी कुठला वार, बाई?”

रत्नानं आईचं कोपर धरलं. “आई, चल. जेवायला थांबलेत सगळे.”

साळूबाईनं तो हात हळूच काढून टाकला. “थांब गं. बाईंशी बोलतीय म्या.” मग मॅडमकडं बघून, आवाज न चढवता, “बाई, खिरीचं मला तवाच कळलं व्हतं. दोनदा घेतली म्हनाली, पर तिचं त्वांड उतरलेलं. मला काय डोळं न्हाईत? आन डबा दिला तवाबी मला ठावं व्हतं कुठं पाठवतीय ते. तरी म्या गावभर सांगितलं, बाईंनी खाल्ली म्हनून. म्हटलं, कवा तरी खरं हुईल. न्हाई झालं अजून.” आणि तिनं परत तेच विचारलं, “मंग सांगा. कुठला वार?”

शितोळे सर बाजूलाच उभे होते. जेवण उरकून त्यांना राजगडाच्या पायथ्याच्या पालीला जायचं होतं, गड बघायला. गाडी लागली म्हणून सांगायला माणूस आला होता. त्यांनी त्याला हातानंच थांबवलं.

सुलक्षणा मॅडमचा चेहरा लाल झाला, मग उतरला. आयुष्यात त्यांना बहुधा कुणी वार विचारला नव्हता. “रविवारी,” त्या म्हणाल्या. आवाज जेमतेम फुटला. “दुपारी. जेवायलाच या.”

“येतो,” साळूबाई म्हणाली, आणि पायऱ्या उतरायला लागली.

रत्ना शाल सावरत मागं धावली. खालच्या पायरीवर तिनं आईला गाठलं. विचारायचं तर खूप होतं, रागावलीस का, एवढी वर्षं बोलली का नाहीस, पण बाहेर आलं ते भलतंच. “आई, नको जाऊया. कोंडीत सापडल्या म्हणून बोलल्या त्या. मनातून म्हणाल्या असतील कशावरून?”

“मनाचं त्यांचं त्या बघतील,” साळूबाई म्हणाली. “वार दिलाय न्हवं? मंग जायाचं. धम्मदीपला म्हणावं, गवळ्याला रविवारचं दूध वाढवून सांग.”